दर महिन्याला काउंटरवरचा प्रोग्राम अडकतो: एनजेनचं अर्धवट राहिलेलं काम आणि त्यावरचा उपाय

कृषी सेवा केंद्रातला बिलाचा प्रोग्राम, जिनिंगच्या काट्यावरचा वजनाचा प्रोग्राम, गावातल्या पतसंस्थेचा खात्यांचा प्रोग्राम. यवतमाळ, वर्धा, वाशीमकडच्या तालुक्यांत यातले बरेचसे प्रोग्राम डॉटनेट फ्रेमवर्कवर, म्हणजे विंडोजवर प्रोग्राम लिहायच्या आणि चालवायच्या मायक्रोसॉफ्टच्या पायावर, लिहिलेले आहेत आणि त्यांची तक्रारही सारखीच येते. "भाऊ, मशीन पुन्हा अडकून रायली जी. मागच्या महिन्यातई असंच झालतं." एरवी बऱ्यापैकी उघडणारा प्रोग्राम एखाद्या सकाळी मिनिटभर नुसता पांढरा चौकोन दाखवतो. पहिलं बिल निघायला वेळ, पहिला रिपोर्ट उघडायला त्याहून जास्त वेळ, आणि पंखा सारखा घरघरतो. दोन-चार दिवसांनी कधी आपोआप बरं होतं, कधी होत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मृग लागलेला, कपाशीच्या बियाण्यासाठी दारात माणसं उभी, आणि स्क्रीनवर कर्सर फिरतोय. अशा वेळी दुकानदाराला सांगितलं जातं की व्हायरस आहे, फॉरमॅट मारून टाका. पैसे जातात, दिवस जातो आणि दुखणं तसंच राहतं. खरं कारण बहुतेकदा एनजेन या डॉटनेटच्याच साधनाचं अर्धवट राहिलेलं काम असतं. म्हणून नीट लिहितो.

आधी टास्क मॅनेजर उघडा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. डिटेल्सच्या टॅबमध्ये एमएसकोर-एसव्हीडब्ल्यू डॉट एक्सई नावाची प्रोसेस वर दिसतेय का ते बघा. प्रोसेसेसच्या यादीत तीच 'डॉटनेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस' या नावाने दिसते. नाव ओळखीचं नसल्यामुळे हिच्यावर व्हायरसचा संशय पहिल्यांदा येतो. त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' करा. फाइल सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात, मायक्रोसॉफ्ट डॉट नेट या फोल्डरच्या आत असेल आणि प्रॉपर्टीजमध्ये मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही दिसत असेल, तर ती विंडोजचीच आहे. तिला मारू नका. दुसऱ्याच कुठल्या फोल्डरात, डाउनलोड्स किंवा टेम्पमध्ये सापडली, तर मात्र खरोखर संशय घ्या.

ही प्रोसेस दिसली तर दुखणं सापडलं म्हणायचं. दिसली नाही तरी हे कारण लगेच सोडून देऊ नका, कारण काम अर्धवट राहून प्रोसेस झोपलेली असू शकते. त्याबद्दल पुढे.

आत काय चाललेलं असतं

सी शार्प किंवा व्हीबी डॉटनेटमध्ये लिहिलेला प्रोग्राम बनवला की त्यातून थेट प्रोसेसरला कळणारा कोड निघत नाही. निघते ती मधली भाषा, म्हणजे आयएल. दुकानात जी एक्सई किंवा डीएलएल फाइल येते तिच्यात हीच आयएल असते. प्रोग्राम चालू झाला की डॉटनेटचा जिट कंपायलर एकेका मेथडला, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेका कामाच्या तुकड्याला, ती पहिल्यांदा लागेल त्या क्षणी, मशीन कोडमध्ये बदलतो. मशीन बंद केली, प्रोग्राम बंद केला, की हा बदललेला कोड गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तिफण जुंपल्यावर बांधावर बसून बियाणं निवडायला घेतल्यासारखं हे आहे.

निवडलेलं बियाणं आधीच तयार ठेवायचं काम एनजेन करतं. नेटिव्ह इमेज जनरेटर हे त्याचं पूर्ण नाव. डॉटनेटच्या २००२ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून ते सोबत येतं. ते आयएलचा मशीन कोड आधीच बनवून डिस्कवर ठेवतं. विंडोजमधल्या असेंब्ली फोल्डरात नेटिव्हइमेजेस नावाने सुरू होणारे फोल्डर दिसतात, ते याचेच. डॉटनेट फ्रेमवर्कच्या स्वतःच्या मोठमोठ्या लायब्ऱ्या, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडच्या फाइली, विंडोज फॉर्म्स, डेटा, एक्सएमएल, या अशाच आधी तयार करून ठेवलेल्या असतात. म्हणून लहान प्रोग्रामही लवकर उघडतात.

आता दुखण्याचं मूळ. ही तयार इमेज ज्या फ्रेमवर्कवर बनली त्याला बांधलेली असते. फ्रेमवर्कची फाइल अपडेटने बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या इमेज बाद ठरतात. बाद झाल्या तरी प्रोग्राम बंद पडत नाही, एरर येत नाही. डॉटनेट गुपचूप पुन्हा जिटवर जातं आणि सगळं पुन्हा चालता चालता कंपाइल करत बसतं. सगळं चालतंय पण रेंगाळतंय, एवढंच बाहेरून दिसतं. त्यामुळे हे दुखणं लवकर ओळखू येत नाही.

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडच्या सकाळी निघतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र झालेली असते. बुधवारी सकाळी दुकान उघडलं, इंटरनेट लागलं, अपडेट उतरला; गुरुवारी-शुक्रवारी मशीन रेंगाळली. डॉटनेटचा अपडेट प्रत्येक महिन्यात असतोच असं नाही, पण असतो तेव्हा तारीख जुळते. तुमच्याकडच्या तक्रारी कॅलेंडरवर मांडून बघा.

मग शहरातल्या ऑफिसात का होत नाही?

अपडेटनंतर एनजेन सगळ्या इमेज एकदम बनवत नाही. अगदी गरजेच्या लायब्ऱ्या लगेच कंपाइल होतात. बाकीच्या रांगेत लागतात आणि मशीन रिकामी असेल तेव्हा एकेक करून होतात. विंडोज ७ मध्ये हे काम एक सर्व्हिस करते. विंडोज ८ पासून ते टास्क शेड्युलरकडे आणि 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स' नावाच्या सोयीकडे गेलं. या मेंटेनन्सची ठरलेली वेळ आहे रात्री २ ची. त्यासाठी मशीन विजेवर चालू हवी आणि तिच्यावर कुणी काम करत नसावं.

आपल्याकडे रात्री २ वाजता कोणत्या दुकानातली मशीन चालू असते? संध्याकाळी शटर ओढताना मेन स्विचच बंद होतो. वीज पडण्याच्या, व्होल्टेज वरखाली होण्याच्या भीतीने तो बंद करावाच लागतो आणि ते बरोबरच आहे. ठरलेली वेळ चुकली की विंडोज पुढे दिवसा मशीन रिकामी सापडते का ते बघतं. पण दिवसा काउंटरवर गिऱ्हाईक असतं, मध्येच लाइन जाते, इन्व्हर्टर दम तोडतो. माउस हलला की मेंटेनन्स थांबतो. लॅपटॉप असेल आणि लाइन गेल्यावर तो बॅटरीवर आला, तरीही थांबतो. अशा तुकड्यातुकड्यांनी जे काम रात्रीत संपायला हवं ते आठवडाभर चालतं, आणि ते संपतं न संपतं तोच पुढचा अपडेट येतो. दर महिन्याच्या या फेऱ्याचं कारण इतकंच आहे. मशीनला काही झालेलं नसतं, तिचं उरलेलं काम पूर्ण व्हायला सलग वेळ मिळत नसतो.

फॉरमॅट का करू नये तेही यातून कळतं. फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं की सगळे अपडेट नव्याने येतात आणि सगळी रांग नव्याने लागते. नवीकोरी मशीन पहिले काही दिवस आधीपेक्षाही हळू चालते.

उपाय

काउंटरवर गर्दी नसेल असा तासभर ठरवा. लाइन जायची वेळ माहीत असेल तर ती टाळा. खालच्या कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत; इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. हे विसरलं की एनजेन परवानगी नाही असं सांगून थांबतं. मग सीडी कमांडने विंडोज, मायक्रोसॉफ्ट डॉट नेट, फ्रेमवर्क, व्ही४.०.३०३१९ या फोल्डरात जा. तिथे एनजेन लिहून एक जागा सोडा आणि पुढे ई, क्यू, आय ही तीन अक्षरं लिहून एंटर मारा. 'एक्झिक्यूट क्यूड आयटम्स' या लांब कमांडचं हे छोटं रूप आहे. रांगेत उरलेलं सगळं आत्ता, रिकाम्या वेळेची वाट न बघता कंपाइल कर, असा त्याचा अर्थ. स्क्रीनवर एकामागून एक असेंब्लींची, म्हणजे डॉटनेटच्या एक्सई आणि डीएलएल फाइलींची, नावं सरकत जातात. जुन्या हार्डडिस्कवर याला बराच वेळ लागतो, लागू द्या. रांग रिकामी असेल तर सगळं अद्ययावत आहे अशा अर्थाची एकच ओळ येते.

आता बहुतेकांची इथे एक पायरी सुटते. त्याच मायक्रोसॉफ्ट डॉट नेट फोल्डरात फ्रेमवर्क६४ नावाचा दुसरा फोल्डर आहे, त्यातही व्ही४.०.३०३१९ आहे आणि त्यात वेगळं एनजेन आहे. पहिलं ३२ बिटच्या इमेज बनवतं, दुसरं ६४ बिटच्या. दोघांची रांग वेगळी. ६४ बिट विंडोजवर कमांड दोन्ही फोल्डरांतून चालवायची. आपल्याकडचे जुने बिलिंग प्रोग्राम मात्र बहुतांशी ३२ बिटचेच निघतात, कारण त्यांचा डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये असतो आणि तिचा जुना जेट ४.० ड्रायव्हर फक्त ३२ बिटमध्येच येतो. मशीन ६४ बिटची आहे म्हणून कुणी फक्त ६४ चं एनजेन चालवून गेलं, तर दुकानाच्या प्रोग्रामला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रामच्या नावापुढे '३२ बिट' लिहिलेलं दिसतं, तिथे खात्री करा.

प्रोग्राम फारच जुना, डॉटनेट २.० किंवा ३.५ चा असेल, तर त्याचं एनजेन व्ही२.०.५०७२७ या फोल्डरात असतं. तिथूनही तीच कमांड.

हे झालं की प्रोग्राम उघडून बघा, शक्यतो मशीन एकदा रीस्टार्ट करून.

पुन्हा होऊ नये म्हणून

कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्स, त्यात मेंटेनन्स, त्यात 'चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज'. इथे रात्री २ ऐवजी दुपारी २ करा. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुकानदार जेवायला घरी जातो, मशीन मात्र चालू राहते. ती वेळ कामी येते. काट्यावर कापसाच्या हंगामात दुपारी गाड्यांची रांग असेल, तर सकाळी काटा सुरू व्हायच्या आधीची वेळ ठेवा आणि वॉचमनला मशीन लवकर चालू करायला सांगा. त्याच पानावर 'स्टार्ट मेंटेनन्स' असंही बटण असतं, ते हाताने दाबता येतं. कमांड लिहायची ज्यांना भीती वाटते त्यांना मी हेच बटण दाखवतो.

अपडेट बंद करून टाका असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देऊ नका, घेऊ नका. त्याच मशीनवर दुकानदाराचं नेट बँकिंग चालतं, शेतकऱ्यांचे आधार क्रमांक असतात. टास्क शेड्युलरमधले एनजेनचे टास्क डिसेबल करायचा सल्लाही तसाच. पंखा शांत होतो खरा, पण मग प्रोग्राम कायमचा हळू होतो. नेटिव्हइमेजेसचे फोल्डर जागा करायला म्हणून डिलीट करणं तर सगळ्यांत वाईट.

तुमचा प्रोग्राम इमेज वापरतोय का

आतापर्यंत बोललो ते फ्रेमवर्कच्या लायब्ऱ्यांबद्दल. दुकानाच्या प्रोग्रामची स्वतःची एक्सई आधी कंपाइल झालेली आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येतं. एनजेन, मग डिस्प्ले हा शब्द, मग एक्सईचा पूर्ण पत्ता अवतरण चिन्हांत, अशी कमांड द्या. असेंब्ली इन्स्टॉल केलेली नाही असं उत्तर आलं तर इमेज नाही. मग डिस्प्लेच्या जागी इन्स्टॉल लिहून तीच कमांड द्या. एनजेन ती एक्सई आणि तिला लागणाऱ्या डीएलएल, दोन्हींची इमेज बनवतं.

नक्की लोड काय होतंय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचा प्रोसेस एक्सप्लोरर फुकट मिळतो. प्रोग्राम निवडून खालच्या भागात डीएलएलची यादी उघडा. नावाच्या शेवटी 'डॉट एनआय डॉट डीएलएल' असेल तर ती तयार इमेज आहे. नुसतं 'डॉट डीएलएल' असेल तर ती जिटच्या वाट्याला आली. यादीत सिस्टमच्या लायब्ऱ्यांपुढे एनआय दिसतं आणि प्रोग्रामच्या स्वतःच्या, रिपोर्टच्या, ग्रिडच्या डीएलएलपुढे दिसत नाही, असं चित्र मला बहुतेक दुकानांत दिसतं. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये 'डॉटनेट सीएलआर जिट' या गटात किती मेथड जिट झाल्या याचा आकडाही मिळतो. एनजेनच्या आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. फरक पडला की नाही हे मग अंदाजाने सांगावं लागत नाही.

एक लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरवाल्याने नवी एक्सई पाठवली आणि जुनीवर टाकली, की त्या एक्सईची इमेज बाद. इन्स्टॉलची कमांड पुन्हा द्यावी लागते.

एनजेनने बरं न होणारी दुखणी

मशीन सुरू केल्यावर फक्त पहिल्यांदा प्रोग्राम हळू उघडतो, बंद करून लगेच पुन्हा उघडला तर पटकन येतो, असं असेल तर दोष बहुतेक डिस्कचा आहे. नेटिव्ह इमेज मूळ आयएलपेक्षा मोठी असते आणि तीही डिस्कवरूनच वाचावी लागते. रडतखडत चालणाऱ्या हार्डडिस्कवर पहिल्या वेळेचा फायदा यात वाहून जातो. अशा ठिकाणी मी एनजेनच्या मागे लागत नाही, सरळ एसएसडी टाकायला सांगतो. दुसऱ्यांदा उघडतानाही तेवढाच वेळ लागत असेल तर जिटवर संशय घ्यायला जागा आहे.

२.० आणि ३.५ च्या काळातल्या प्रोग्रामचं आणखी एक दुखणं गावाकडेच जास्त दिसतं. एक्सईवर प्रकाशकाची डिजिटल सही असेल, तर सुरू होताना ती अजून वैध आहे का हे इंटरनेटवर तपासलं जातं. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडलेला आहे पण नेट चालत नाही, अशा वेळी प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसतो. हॉटस्पॉट पूर्ण बंद करून उघडून बघा. झटकन उघडला तर हेच कारण. प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'जनरेट पब्लिशर एव्हिडन्स' हे सेटिंग फॉल्स करून ते थांबवता येतं. डॉटनेट ४ पासून हा त्रास राहिलेला नाही.

चालता चालता तयार होणाऱ्या कोडवरही एनजेनची मात्रा चालत नाही. डेटा एक्सएमएलमध्ये बदलणारा एक्सएमएल सिरियलायझर त्याचा नेहमीचा नमुना. फ्रेमवर्कमध्ये तो पहिल्या वापराच्या वेळी पडद्यामागे सी शार्पचा कंपायलरच चालवतो. त्यासाठी एसजेन नावाचं वेगळं साधन आहे, पण ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने वापरायचं असतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी

नागपूर-पुण्यात बसून या काउंटरांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे. सेटअपमध्येच एनजेन इन्स्टॉलची पायरी घाला. सेटअप ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालतो, तिथे ही एक ओळ आहे. अपडेटच्या बॅच फाइलमध्येही ती घाला. दुकानदाराने कमांड लिहाव्यात ही अपेक्षा बरोबर नाही.

नव्या डॉटनेटवर जाणार असाल तर एनजेन विसरा, ते फक्त जुन्या फ्रेमवर्कसाठी आहे. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पासून 'रेडी टू रन' आलं. त्यात पब्लिश करतानाच मशीन कोड फाइलमध्ये भरला जातो. फाइल दुप्पट-तिप्पट मोठी होते, पण फ्रेमवर्कचा छोटा अपडेट आला म्हणून हा कोड बाद होत नाही. दर महिन्याचा फेरा इथे मुळातच तुटतो, आणि गावाकडच्या मशीनसाठी मला हाच पर्याय सगळ्यांत पटतो. फक्त डॉटनेट ८ ला विंडोज ७ वर अधिकृत आधार नाही, आणि आपल्याकडे विंडोज ७ अजून बरीच आहेत. जागेवर काय आहे ते विचारल्याशिवाय उडी मारू नका.

२०२२ च्या डॉटनेट ७ पासून नेटिव्ह एओटी अधिकृत झालं. त्यात जिट राहतच नाही, सगळाच मशीन कोड. काट्याच्या इंडिकेटरवरून सिरियल पोर्टने वजन वाचून फाइलमध्ये टाकणारा छोटा कन्सोल प्रोग्राम असेल तर जरूर वापरा. विंडोज फॉर्म्सचा अख्खा बिलिंग प्रोग्राम त्यात बसवायला जाऊ नका. रिफ्लेक्शनवर, म्हणजे चालता चालता स्वतःच्याच कोडची रचना वाचण्यावर, चालणाऱ्या जागा एकेक करून फुटतात. बिल्ड करताना 'प्लॅटफॉर्म लिंकर नॉट फाउंड' असं आलं, तर व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरमधून सी प्लस प्लसच्या डेस्कटॉप डेव्हलपमेंटचा भाग टाका. एरर त्याच्याच अभावी येते.

दुकानदारांनी हे सगळं करूनही प्रोग्राम रेंगाळत असेल, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी विंडोजची आवृत्ती, प्रोग्राम ३२ बिटचा की ६४ चा, डिस्क साधी की एसएसडी, एवढं कागदावर लिहून घ्या. एनजेनच्या फोल्डरातच एनजेन डॉट लॉग नावाची फाइल असते, तिचीही कॉपी व्हॉट्सॲपवर पाठवा. कोणती असेंब्ली कंपाइल झाली, कोणती अडली आणि का, ते त्या फाइलमध्ये तारखेसकट लिहिलेलं असतं.